डोळामाऱ्याची तिसरी पिढी

सॅन पेद्रो, कॅलिफोर्निया
३ सप्टेंबर १९९८

श्री. रेमंड ओकुडा यांस,

तुमची माझी ओळख नाही, आणि हे पत्र वाचून संपल्यावर ती झाली नसती तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटेल. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने, पॅटीने, तुमच्याकडे एक मातीचा मग पाठवला आहे. तपकिरी, रागीट तोंडाचा, दात विचकणारा, एक डोळा मिटलेला. तुम्ही संग्राहक मंडळी त्याला 'डोळामाऱ्या' म्हणता, असं पॅटीकडून कळलं. आम्ही घरात त्याला नुसतं 'तो' म्हणतो.

तो इथल्या 'हाला हट' या बारमधला. तो बार पाडून तिथे गाड्यांचे टायर विकायला लागले त्यालाही आता जमाना झाला. माझा नवरा क्लिफ तिथे पेयं बनवायचा. मी पहिल्यांदा तिथे गेले ती एका विमा एजंटाबरोबर. तो गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसून मला हप्ते समजावत होता. क्लिफने हा मग माझ्यासमोर ठेवला, त्यात दोन नळ्या घातल्या आणि म्हणाला, "दुसरी नळी यांची नाही. माझी आहे. माझी पाळी संपेपर्यंत थांबलात तर." मी थांबले. लग्न ठरलं तेव्हा बारच्या मालकाला विचारून त्याने तो मग मला देऊन टाकला, बारच्याच पंच्यात गुंडाळून. तेव्हापासून दर वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, क्लिफ त्यात तेच पेय बनवतो आणि आम्ही दोन नळ्यांनी पितो. बनवतो तोच. मला अननस चिरायचीसुद्धा परवानगी नाही.

येत्या १७ ऑक्टोबरला चाळीस वर्षं होतील. पॅटीने हॉल घेतला आहे, ऐंशी माणसं बोलावली आहेत, आणि तुमच्याकडून 'हा मग हाला हटचा अस्सल' असा कागद घेऊन, चौकटीत बसवून, सगळ्यांसमोर बापाच्या हातात द्यायचा तिचा बेत आहे. मुलगी गुणी आहे, पण मला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं.

कारण मग अस्सल नाही. तो मी केलेला आहे. अस्सल होता तो एकाहत्तरच्या भूकंपात फुटला. क्लिफला हे माहीत नाही. क्लिफसाठी त्या मगात माझा होकार आहे, त्याचा बार आहे, त्याची सगळी जवानी आहे. ऐंशी माणसांसमोर त्याच्या हातात 'नकली' असा शेरा पडला, तर तो हसून वेळ मारून नेईल. आणि घरी येऊन मग कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून देईल, कायमचा. ते मला बघायचं नाही.

खोटं लिहा असं मी म्हणत नाही. उशीर करा, एवढंच. तुमच्या पसाऱ्यात मग हरवला म्हणा. नोव्हेंबरात सापडू द्या.

तुमच्या डोक्याला नसता ताप देणारी,
डॉट व्हिटकोम्ब


गार्डीना
९ सप्टेंबर १९९८

मिसेस व्हिटकोम्ब,

माझ्याकडे पसारा नाही. तुम्ही येऊन बघू शकता.

मी खोटं लिहीत नाही आणि मुद्दाम उशीरही करत नाही. हल्ली जुन्या मगांचे साचे काढून नव्या नकला बाजारात येतात. हौशी पोरं त्यावर आईवडिलांचे पैसे उधळतात आणि मग माझ्याकडे येऊन रडतात. माझ्या शब्दाला किंमत आहे ती मी एकदाही डोळेझाक केली नाही म्हणून. पण मालक जेवढं विचारतो तेवढंच मी सांगतो, हेही खरं. तेव्हा तुमचं गुपित माझ्याकडून तुमच्या मुलीला कळणार नाही. कागदाचं काय करायचं, ते बघू.

तुमचा मग मी तपासला. तो नक्कल आहे याबद्दल आपलं एकमत आहे. पण तुमची एक गल्लत होते आहे. तो नकलेची नक्कल आहे.

समजावतो. मगाभोवती प्लास्टर ओतून साचा घेतात, साच्यात पातळ माती ओततात, ती सुकते, भट्टीत भाजते. या सगळ्यात माती आक्रसते, दहाव्या हिश्शाहून थोडी जास्तच. म्हणून मगावरून काढलेला मग नेहमी आईपेक्षा लहान निघतो. नक्कल ओळखायची पहिली खूण हीच. माझ्याकडे हाला हटचे दोन अस्सल डोळामारे आहेत. त्यांच्याशेजारी तुमचा ठेवला, तर तो एका पिढीने नाही, दोन पिढ्यांनी लहान आहे. मुलगा नाही, नातू आहे. त्यात अस्सलच्या जेमतेम निम्मं पेय मावतं.

आता दुसरं, जे मला कोणी विचारलेलं नाही. साच्यातून साचा काढला की चेहरा पुसट होत जातो. सुरकुत्या बुजतात, दात एकमेकांत मिसळतात. तुमच्या मगावर तसं झालेलं नाही. माती ओली असताना कोणीतरी सुईने एकेक सुरकुती पुन्हा उकरली आहे. मिटलेल्या डोळ्याची पापणी तर अस्सलपेक्षा चांगली आहे. अस्सलवर ती नुसती रेघ आहे. तुमच्या मगाचा डोळा खरोखर मिटलेला वाटतो, आणि तो लगेच उघडणार आहे असं वाटतं. डाव्या गालावर झिलईच्या खाली एक बारीक वळ आहे, फुटका मग जोडून त्यावरून साचा घेतल्याचा. तो वळसुद्धा कोणीतरी सुरकुतीत मिसळून टाकला आहे. मी तो भिंगाखाली धरून बराच वेळ बघत बसलो होतो.

हे तुम्ही केलंत?

रे. ओकुडा


सॅन पेद्रो
१४ सप्टेंबर

ओकुडासाहेब,

मला डॉट म्हणा. माझ्या नवऱ्यापासून काही लपवण्यात जो सामील झाला तो मला मिसेस व्हिटकोम्ब म्हणायला लागला, की मला कोर्टात उभं असल्यासारखं वाटतं.

हो, मीच केलं. तेव्हा आम्ही सॅन फर्नांडोकडे राहत होतो. पहाटे घर असं हललं की पॅटी पाळण्यातून बाहेर आली आणि फळी भिंतीतून. क्लिफ भावाकडे बेकर्सफील्डला गेला होता. मी आधी पोरगी उचलली, मग गॅस बंद केला आणि मग स्वयंपाकघराच्या जमिनीवर मांडी घालून मगाचे तुकडे वेचले. रडले ते तेव्हा. घराच्या भिंतीला तडा गेला त्याचं काही वाटलं नाही. क्लिफला सांगितलं, जपून राहावा म्हणून बहिणीकडे ठेवलाय. आणि कॉलेजात संध्याकाळी मातीकामाचा वर्ग चालायचा, तिथे नाव घातलं. घरी सांगितलं की चर्चच्या गाण्याच्या चमूत जाते. मला गाता येत नाही. क्लिफ म्हणाला, "जा की. देवाला सवय असेल."

पहिले चार मग भट्टीत फुटले. पाचव्याचं नाक वाकडं आलं. शिकवणारी बाई म्हणाली, "डॉट, एखादी वाटी कर ना, सोपी असते." तुमच्याकडे आहे तो कितवा, ते मी मोजणं सोडून दिलं होतं. पापणीचं म्हणाल, तर ती मी मगावरून केलीच नाही. क्लिफ मला डोळा मारतो तेव्हा ती तशी दिसते. त्यावरून केली.

तेव्हा तुमची स्तुती मी ठेवून घेते, पण तुमची फूटपट्टी तपासा. मी ज्यावरून साचा घेतला तो मग अस्सल होता. क्लिफने माझ्या हातात दिलेला, मी माझ्या हातांनी जोडलेला. नक्कल एकदाच झाली. आणि निम्मं मावतं म्हणता, तर क्लिफचं पेय दर वर्षी त्यात काठोकाठ बसतं. एक थेंब सांडत नाही, एक थेंब कमी पडत नाही. चाळीस वर्षं तो तेच माप घालतो. मग निम्मं कसं?

तुम्ही हुशार आहात, पण एखाद्या वेळी चुकलात म्हणून जग बुडणार नाही.

डॉट


सॅन पेद्रो, बंदराजवळचं मासेमारीच्या सामानाचं दुकान
२१ सप्टेंबर

ओकुडा,

मी क्लिफ व्हिटकोम्ब. दुकानातून लिहितो आहे, कारण घरी टेबलाशी बसून लिहायला लागलो की बायको विचारते, कोण मेलं.

फळीवर मग नाही, आणि पॅटी माझ्याशी बोलताना छताकडे बघते. पोरीच्या पोटात काही राहत नाही. दोन प्रश्नांत तुमचं नाव बाहेर आलं.

सरळ मुद्द्यावर येतो. तो मग अस्सल नाही, आणि डॉटला ते कळता कामा नये. हाला हटमध्ये मला हे काम शिकवलं मॅनी अगुस्तिनने. फिलिपिनो होता, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्या बारमधली सगळी पेयं त्याच्या डोक्यातून आलेली. मालकाने यादीवर स्वतःचं नाव छापलं. बाटल्यांवरची कागदं काढून त्यावर नुसते आकडे टाकायचा मॅनी, कोणी चोरू नये म्हणून. मला मात्र सगळे आकडे सांगितले. त्रेसष्ट साली तो टॉरन्सच्या इस्पितळात पडला. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "क्लिफ, एवढी वर्षं ओतलं मी त्या मगांत, आणि माझ्याकडे एक नाही. तुझ्याकडे आहे ना?"

माझ्याकडे एकच होता, आणि तो माझा नव्हता. डॉटला दिलेला होता. पण नाही म्हणायला तोंड उघडेना. मेव्हण्याचा फरशांचा कारखाना होता, तिथे जाऊन त्यावरून एक काढला. तो घरी फळीवर ठेवला आणि खरा मॅनीच्या उशाशी. पंधरवड्याने त्याच्याबरोबरच पुरला. डॉटला विचारलं असतं तर तिने दिला असता, हे मला माहीत आहे. पण दिलेली वस्तू परत मागायला मला लाज वाटली, आणि नंतर सांगायला आणखी लाज वाटली.

तिच्यासाठी तो मग म्हणजे आमचं लग्न आहे. ऐंशी माणसांसमोर तिला कळायला नको. अस्सल आहे असं लिहून टाका. तुमच्याबद्दल ऐकलंय त्यावरून तुम्ही लिहिणार नाही. मग निदान काहीच लिहू नका.

आणि मगात आणखी काही दिसलं असेल, तर ते तुमच्यापाशीच असू द्या.

क्लिफ


गार्डीना
२५ सप्टेंबर

मि. व्हिटकोम्ब,

पत्र मिळालं. अस्सल असं मी लिहिणार नाही. तुमचं मी कोणाला सांगणारही नाही.

मगात आणखी काय दिसलं, ते तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून सांगत नाही. पण मि. अगुस्तिनबद्दल लिहिलंत, त्याबद्दल आभार. आम्ही मगांवर पुस्तिका काढतो, त्यांच्या झिलईच्या छटांवर भांडतो, आणि त्यात ओतणाऱ्यांची नावं आम्हाला ठाऊक नसतात. पुढच्या अंकात हाला हटच्या पानावर त्यांचं नाव घालायला तुमची परवानगी हवी आहे.

जमिनीखाली असलेला तो मग बहुधा सगळ्यांत योग्य जागी आहे. असं मी आजवर कोणत्याही मगाबद्दल म्हटलेलं नाही.

रे. ओकुडा


गार्डीना
२५ सप्टेंबर

डॉट,

फूटपट्टी तपासली. ती ठीक आहे. तुम्ही जोडलेला मग फुटण्याआधीच दुसऱ्या पिढीतला होता. त्याहून जास्त मला मगाने सांगितलेलं नाही.

पेय सांडत का नाही, याचं उत्तर मगात नाही. ते ओतणाऱ्याकडे असतं.

रेमंड


सॅन पेद्रो
३ ऑक्टोबर

रेमंड,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी घरात भांडी आपटत होते. क्लिफने विचारलं, "मी काय केलं?" मी म्हटलं, "तू नाही, तुझ्या मालकाने." मग जीभ चावली.

आता सगळं लख्ख कळलं. हाला हटचा मालक, तो सिगार ओढणारा ठोंब्या, त्याने क्लिफला नकली मग दिला. अस्सल स्वतःकडे ठेवले असतील, आणि नोकराच्या लग्नाला नक्कल पुरे. आणि माझा क्लिफ तो पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून, पावसात चालत माझ्या दारात आला होता. एवढी वर्षं तो सगळ्यांना सांगतो की मालकाने मला अस्सल दिला, कारण मी त्याचा सगळ्यांत चांगला माणूस होतो.

पहिल्यांदा मला माझ्या फुटक्या मगाची काळजी होती. आता ती गेली. आता हे क्लिफला कळू नये, एवढंच. माणसाची चाळीस वर्षांची ऐट आहे ती. एक वेळ माझं नाव सांगा, सांगा की डॉटने फोडला, डॉटने बनवला, पण आधीचाही नकली होता हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

पॅटी रोज फोन करून विचारते की कागद आला का. मी म्हणते, जपानी माणूस आहे, सावकाश करतो. माफ करा.

डॉट


गार्डीना
१० ऑक्टोबर

डॉट,

मी गार्डीनात जन्मलो आणि सगळं घाईने करतो. माफ केलं.

मग या खोक्यात आहे. पेंढा काढताना कानाकडून धरू नका. सोबत एक बंद लिफाफा आहे. त्यात माझा कागद आहे, माझ्या सहीचा आणि शिक्क्याचा. त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. तुम्ही तो आधी वाचा. पटला तर पॅटीला द्या, नाही पटला तर शेगडीत घाला. मी बुरा मानणार नाही.

मालकाबद्दल घाईने मत बनवू नका, एवढं मात्र म्हणतो. मी त्याची बाजू घेत नाही. मगाने तसं काही सांगितलेलं नाही.

माझ्या कपाटात चारशेच्या वर मग आहेत. तुमचा बांधून देताना पहिल्यांदाच मला वाटलं की आपण चुकीचं काहीतरी गोळा करत आलो.

रेमंड


सॅन पेद्रो
२२ ऑक्टोबर

रेमंड,

तुम्ही आला नाहीत. तुमच्या नावाची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर शेवटी क्लिफचा मेव्हणा त्याची टोपी ठेवून बसला.

सगळं नीट सांगते. लिफाफा मी वाचला, आणि पर्समध्ये ठेवला. द्यायचा की नाही ते ठरत नव्हतं. पॅटीला म्हटलं, टपालात हरवला. ती हिरमुसली. जेवणं झाली. मग क्लिफ फुलाफुलांचा शर्ट घालून टेबलामागे उभा राहिला, बर्फ फोडला, लिंबं पिळली, आणि 'तो' मधोमध ठेवला. सगळे गोळा झाले. मी नेहमीप्रमाणे समोर बसले.

त्याने ओतायला सुरुवात केली. मी बघत होते. मग भरला. क्लिफचा हात थांबला नाही. काठावरून पेय खाली आलं, मगाच्या गालांवरून, दातांवरून, टेबलक्लॉथवर, तिथून माझ्या नव्या चपलांवर. तरी तो ओतत होता. लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, म्हातारा झाला, हात थरथरतो. हात अजिबात थरथरत नव्हता, रेमंड. तो माझ्याकडे बघत होता. भांडं रिकामं केलं, खाली ठेवलं, आणि म्हणाला, "अठ्ठावन्न सालचं माप हे एवढं होतं, डॉट."

मला आधी काही कळेना. मग तुमचं ते 'निम्मं' आठवलं आणि मी खुर्चीला धरून बसले.

तो टेबलाला वळसा घालून आला, माझ्याशेजारी बसला आणि इतक्या हळू बोलला की कोणाला ऐकू गेलं नाही. मी त्या दिवशी मालकावर घसरले, तेव्हाच त्याने ठरवलं होतं की आता लपवायचं नाही. मॅनीचं सगळं सांगितलं. म्हणाला, "तेव्हा पहिल्यांदा सांडायला आलं. मी माप कमी केलं, तुला दिसू नये म्हणून. मग भूकंपाच्या वर्षी ऑक्टोबरात पुन्हा सांडायला आलं. भरायच्या आतच मला कळलं, कारण पेय लवकर वर येत होतं. मी हात थांबवला. आणि मग त्याचा डोळा बघितला."

मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास?"

"तू पोरीला शेजारणीकडे ठेवून आठवड्यातून तीनदा गाण्याला जात होतीस," तो म्हणाला. "आणि नखांत माती घेऊन यायचीस. एवढं केलंस ते मला कळू नये म्हणून. मग मला कळलं नाही."

मॅनीच्या मगाबद्दल मला राग आला का? आला. अर्धा तास. त्याने मला विचारलं असतं तर मी स्वतः नेऊन दिला असता, इस्पितळात, चांगला पुसून. हे मी त्याला ऐकवलं, आणि पुन्हा पुन्हा ऐकवणार आहे. आता मला तेवढा हक्क आहे.

मग मी पर्स उघडली आणि तुमचा कागद पॅटीला दिला. तिने खुर्चीवर चढून वाचला. तुम्हाला पाठ असेल, पण तिच्या आवाजात कसा वाटला ते तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून लिहिते. "हा मग हाला हटचा नाही. तो या घरचा आहे. याच्यासारखा दुसरा नाही आणि होणार नाही. गेली पंचवीस वर्षं मी अस्सल आणि नक्कल वेगळं करत आलो. या मगासमोर मला ते जमलं नाही. रेमंड ओकुडा." हॉलमध्ये कोणाला काही समजलं नाही, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लिफने नाक शिंकरलं.

'घडवणाऱ्याचं नाव' या ओळीपुढे तुम्ही जागा कोरी सोडली होतीत. का सोडलीत ते आता कळलं. दोघांचं गुपित पोटात घेऊन बसलेला माणूस तिथे दुसरं काय लिहिणार. मॅनीचं नाव तुमच्या पुस्तिकेत येणार आहे, हे क्लिफने सांगितलं. तो ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ज्यांना फक्त गळ हवा असतो त्यांनासुद्धा.

एकच गोष्ट माझ्या मनातून जात नाही, आणि ती मी तुम्हालाच सांगू शकते. दोन नळ्या घालून, डोक्याला डोकं लावून, सत्तावीस वर्षं मी त्याच्यासमोर बसले आणि दर वर्षी मनात म्हटलं, बरं झालं, याच्या लक्षात आलं नाही. आणि दर वर्षी माझ्या डोळ्यांदेखत, मला कळू न देता, तो हात थोडा आधी थांबवत होता.

तुमची,
डॉट